रात्रीच्या फोटोतले रंगीत ठिपके: पुसण्याआधी ओळखायचे कसे

जूनचा पहिला आठवडा होता. भंडारदऱ्याच्या बाजूला पाऊस अजून उतरला नव्हता. हवा कोंदट, वारा पडलेला. एका सादड्याच्या झाडावर काजव्यांनी नुसती गर्दी केली होती. मी ट्रायपॉड लावला आणि ३०-३० सेकंदांचे ४० फोटो घेतले. घरी येऊन ते सगळे एकावर एक चढवले तेव्हा झाड सुरेख आलं होतं. पण झाडाखालच्या काळ्या कातळावर, जिथे काहीच नव्हतं, तिथेही ठिपके होते. लाल, निळे, हिरवे, मधूनच एखादा जांभळट.

लाल-निळे म्हणजे काजवे नव्हेत, हे उघड होतं. हिरव्यांनी मात्र घोळ केला. काजव्याचा उजेडही पिवळट हिरवाच. मी ब्रश घेऊन सरसकट पुसत सुटलो आणि कातळालगत खाली उडणारे खरे काजवेही त्यात गेले. मूळ फाइली जपून ठेवल्या होत्या म्हणून पुन्हा पहिल्यापासून नीट बसता आलं. दुसऱ्या खेपेला जे समजलं आणि नंतरच्या बऱ्याच रात्रींत जे पक्कं झालं, ते रात्रीची फोटोग्राफी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी इथे मांडतो आहे. सगळ्यात आधी एक सांगतो: फोटोत असे ठिपके दिसले म्हणजे तुमचं काही चुकलंय किंवा कॅमेरा बिघडलाय असं नाही. अगदी महागड्या कॅमेऱ्यातही ते येतात.

ठिपके येतात कुठून

या ठिपक्यांना कॅमेरावाले ‘हॉट पिक्सेल’ म्हणतात. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर म्हणजे अंगणात पावसात मांडून ठेवलेली कोट्यवधी भांडी समजा. एकेक भांडं म्हणजे एकेक पिक्सेल. शटर उघडं असेपर्यंत प्रत्येक भांड्यात प्रकाश पडतो, त्याचे इलेक्ट्रॉन होतात आणि ते साठत जातात. शेवटी कॅमेरा प्रत्येक भांड्यात किती साठलं ते मोजतो. आता यातली काही मोजकी भांडी गळक्या नळाखाली आहेत. पाऊस पडो न पडो, तिथे थेंब-थेंब पाणी येतंच. दिवसा शटर १/२०० सेकंद उघडतं, तेवढ्यात एक थेंबही पडत नाही. रात्री ३० सेकंद उघडं ठेवलं की त्या भांड्यात बरंच पाणी जमतं आणि कॅमेऱ्याला वाटतं, इथे उजेड आहे.

हा गळका नळ म्हणजे उष्णता. सिलिकॉन गरम असलं की प्रकाश नसतानाही त्यात इलेक्ट्रॉन सुटत राहतात. याला डार्क करंट म्हणतात. सगळ्याच पिक्सेलमध्ये तो थोडाफार असतो. ज्या पिक्सेलच्या जागी सिलिकॉनच्या रचनेत बारीकसा दोष आहे, तिथे तो कितीतरी पट जास्त असतो. दर ६ ते ८ अंश सेल्सिअसला डार्क करंट साधारण दुप्पट होतो, हा आकडा लक्षात ठेवा. जानेवारीत हरिश्चंद्रगडावर सेन्सर १२ अंशांवर असेल आणि जूनच्या कोंदट रात्री २८ अंशांवर, तर मधल्या १६ अंशांत तो चार ते सहा पट वाढला. हिवाळ्यात स्वच्छ फोटो देणारा तोच कॅमेरा काजव्यांच्या मोसमात का बिघडल्यासारखा वाटतो, याचं उत्तर हेच. आणि हे सेन्सर हवेइतकाच गार आहे असं धरून. सलग तास-दीड तास फोटो घेत राहिलात, मागचा स्क्रीन सतत चालू ठेवलात, की सेन्सर हवेपेक्षाही बराच तापतो.

आता रंग. सेन्सरचा पिक्सेल मुळात रंगांधळा असतो. त्याला फक्त उजेड किती ते कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक चिमुकली काच बसवलेली असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली आणि १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. तीत निम्म्या काचा हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत हीच मांडणी आहे. लाल काचेखालचा पिक्सेल गळका असेल तर ठिपका लाल दिसतो, निळ्या काचेखालचा असेल तर निळा. हिरव्या काचा निम्म्या असल्याने हिरवे ठिपकेही बरेच भेटतात, आणि काजवे टिपणाऱ्याची खरी अडचण तीच आहे.

ठिपका जवळून पाहिलात तर तो एकाच पिक्सेलचा नसतो, हेही दिसेल. फोटो २०० टक्के मोठा करा. मधोमध एक झगझगीत चौकोन, त्याच्या चारही बाजूंना फिकट रंगाचे चौकोन, एकूण आकार अधिक चिन्हासारखा. कॅमेरा शेजारच्या पिक्सेलकडे बघून प्रत्येक ठिकाणचा पूर्ण रंग ठरवतो, म्हणून एका गळक्या पिक्सेलचा डाग शेजाऱ्यांनाही लागतो. फोटो जेपेगमध्ये साठवला की हा डाग आणखी पसरतो, कडा फिसकटतात. म्हणून रात्रीचे फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने फारसे संस्कार न केलेल्या मूळ फाइलीत घ्या. जागा जास्त लागते खरी, पण पुढे सांगितलेली निम्मी कामं जेपेगवर धड होतच नाहीत.

आधी घरीच आपल्या कॅमेऱ्याची ओळख करून घ्या

डोंगरावर जाऊन अंधारात कोडी सोडवत बसण्यापेक्षा एक संध्याकाळ घरी द्या. लेन्सला झाकण लावा. डीएसएलआर असेल तर डोळा लावायची खिडकीही झाका, तिथून उजेड आत झिरपतो. कॅमेऱ्यावर काळं फडकं टाका. फोकस मॅन्युअल, फाइल रॉ, आयएसओ (टिपलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो तो आकडा) १६००. आता एक फोटो १/६० सेकंदाचा घ्या आणि लगेच दुसरा ३० सेकंदांचा. मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन या चाचणीपुरतं बंद हवं, नाहीतर कॅमेरा ठिपके आधीच पुसून देईल आणि तुम्हाला काही दिसणार नाही.

दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के करून बघा. १/६० वाला पूर्ण काळा असायला हवा. ३० सेकंदांच्या फोटोत रंगीत चांदणं पडल्यासारखं दिसेल. घाबरू नका. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर २ कोटी ४० लाख पिक्सेल असतात. त्यातले २४० गळके निघाले तरी लाखात एक झाला.

१/६० च्या फोटोतही एखादा ठिपका ठाम चमकत असेल तर तो हॉट नव्हे, ‘स्टक’ पिक्सेल. तो दिवसाच्या फोटोतही येणार. आणि दिवसा पांढऱ्या भिंतीच्या फोटोत नेहमी एकाच जागी बारीक काळा ठिपका दिसत असेल तर तो मेलेला, म्हणजे ‘डेड’ पिक्सेल. मोठा, धूसर, गोल काळा डाग असेल तर तो यातला कुठलाच नाही, ती सेन्सरवरची धूळ. तिचा या लेखाशी संबंध नाही. रबरी फुंकणीने (ब्लोअरने) ती सहसा जाते.

हे ठिपके वाढत का जातात, असं पुष्कळ जण विचारतात. अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, म्हणजे वैश्विक किरण आणि त्यांच्यापासून वातावरणात तयार होणारे न्यूट्रॉन, सेन्सरवर आदळतात आणि सिलिकॉनच्या रचनेत नवे दोष पाडतात. कॅमेरा नुसता कपाटात पडून असला तरी हे चालूच राहतं. विमानात उंचावर हे कण जास्त असतात. अवकाशात तर विचारूच नका. हबल दुर्बिणीचे कॅमेरे मुद्दाम खूप थंड ठेवलेले असतात, तरी त्यांच्यावर रोज नवे हॉट पिक्सेल उमटतात. म्हणून त्यांचे सेन्सर दर महिन्याला काही तास गरम केले जातात. त्या उष्णतेने सिलिकॉनमधले बरेच दोष सांधले जातात आणि मग सेन्सर पुन्हा थंड करतात. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या उष्णतेने ठिपके दिसतात, तिनेच ते बरेही होतात. घरी मात्र कॅमेरा गरम करण्याचा प्रयोग करू नका.

बहुतेक कॅमेऱ्यांत या पिक्सेलांची नोंद ठेवायची सोय असते. तिला पिक्सेल मॅपिंग म्हणतात. कॅमेरा स्वतःच सेन्सर तपासतो, गळके पिक्सेल टिपून ठेवतो आणि पुढच्या फोटोंत त्यांच्या जागी शेजाऱ्यांच्या सरासरीचा रंग भरतो. ऑलिम्पस, फुजीफिल्म, पेंटॅक्स आणि निकॉनच्या झेड मालिकेत ही सोय मेनूत पिक्सेल मॅपिंग याच नावाने सापडेल. पॅनासोनिकमध्ये नाव आहे पिक्सेल रिफ्रेश. सोनीचे कॅमेरे हे काम अधूनमधून आपणहून करतात आणि नव्या मॉडेलांत मेनूतही पर्याय दिलेला आहे. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांसाठी फोटोग्राफर एक युक्ती वापरतात: बॅटरी पूर्ण भरलेली, लेन्स आणि झाकण जागेवर, मग मेनूतून हाताने सेन्सर साफ करण्याचा पर्याय निवडायचा, मिनिटभर तसंच थांबायचं आणि कॅमेरा बंद करायचा. साफ काहीच करायचं नाही, लेन्स काढायचीही नाही. बहुतेक वेळा ठाम दिसणारे ठिपके यानंतर कमी होतात. निकॉनच्या जुन्या डीएसएलआरमध्ये मेनूत अशी सोय नाही, त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं.

मॅपिंग वर्षातून एक-दोनदा केलं तरी पुरे. त्याने ठिपके शून्यावर येत नाहीत. गारव्यात तपासलेला सेन्सर उकाड्यात आणखी काही नळ उघडतोच.

काजवा, तारा की हॉट पिक्सेल

या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा. ठिपका पुसणं सोपं आहे. तो कोणाचा आहे हे ठरवणं अवघड, आणि ते ठरवायच्या आधी ब्रशला हात लावू नये.

पहिली खूण जागेची. लागोपाठचे दोन फोटो घ्या आणि दोन्हींत तोच कोपरा १०० टक्के करून आलटून पालटून बघा. हॉट पिक्सेल दोन्ही फोटोंत अगदी त्याच जागी बसलेला असतो, एका पिक्सेलनेही हलत नाही. काजवा पुढच्या फोटोत त्याच जागी सापडणं जवळजवळ अशक्य. तारे पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरकतात. ध्रुवताऱ्याच्या अगदी जवळचे तारे फार हळू सरकतात, तिथे सलग दोन फोटोंऐवजी पहिला आणि शेवटचा घेऊन ताडा. ट्रायपॉड कुणाच्या धक्क्याने हलला असेल तर मात्र ही परीक्षा आणखी सोपी होते: डोंगर, झाड, तारे सगळं सरकलं आणि ठिपका तिथेच राहिला, तर तो सेन्सरचा.

दुसरी खूण कडांची, आणि ती एकाच फोटोवरही चालते. खरा उजेड लेन्समधून येतो. लेन्स कितीही चांगली असो, ताऱ्याचा बिंदू थोडा पसरतोच, त्याला मऊ कडा असते. फोकसबाहेरचा काजवा तर छोट्या नाण्याएवढा गोल होतो. हॉट पिक्सेल लेन्समधून आलेलाच नसतो. त्यामुळे फोकस गेलेल्या, पूर्ण धूसर फोटोतही तो सुईच्या टोकासारखा टोकदार दिसतो. माझ्या कातळावरच्या हिरव्या ठिपक्यांचा निकाल याच खुणेने लागला. कातळ फोकसच्या बराच पुढे होता. तिथे उडणारा काजवा बारीक, टोकदार दिसूच शकत नव्हता. जे मऊ आणि गोल होते ते काजवे, जे टोकदार होते ते सेन्सरचे.

तिसरी खूण रंगाची. तिच्यावर एकटीवर विसंबू नका, पण मदत होते. हॉट पिक्सेलचा रंग भडक आणि एकजात असतो, रंगपेटीतला कोरा लाल, कोरा निळा. ताऱ्यांचे रंग फिके असतात. ज्येष्ठा तांबूस दिसते, चित्रा निळसर पांढरी, पण दोघींच्याही गाभ्यात पांढरेपणा असतो. काजव्याच्या उजेडात पिवळी झाक असते आणि उडता काजवा बहुधा एक ठिपका न उमटवता ठिपक्यांची माळ सोडून जातो.

काही डाग मात्र या तिन्हींत बसत नाहीत. दूरच्या हॉटेलचा किंवा रस्त्याचा दिवा थेट लेन्सवर येत असेल तर चित्रात त्याच्या समोरच्या बाजूला हिरवे-जांभळे गोळे उमटतात. ते लेन्सच्या आतलं परावर्तन. दिवा चौकटीबाहेर काढला, हाताने आडोसा केला, की जातात. लेन्सवर दव बसलं की दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात. आणि जुन्या काही डीएसएलआरमध्ये फोटोच्या एखाद्या कडेला जांभळट उजेड पसरतो. तो सेन्सरशेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सचा असतो, आणि पुढे सांगितलेल्या डार्क फ्रेमने तो बऱ्याच अंशी कमी होतो.

रानात गेल्यावर

थंड ठेवता येईल तेवढा कॅमेरा थंड ठेवायचा, सूत्र एवढंच. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुपारच्या उन्हात बॅग ठेवू नका. अंधार पडायच्या अर्धा तास आधी कॅमेरा बाहेर काढून हवेवर ठेवा. फोकस लावून झाला की लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र, बंद करा. मागचा स्क्रीन उघडून दुमडता येत असेल तर तो पाठीपासून थोडा लांब उघडा ठेवा, उष्णता निघायला वाट मिळते. त्याच रात्री व्हिडिओही घ्यायचा असेल तर तो शेवटी घ्या.

मग वेळ आणि आयएसओ. एक्स्पोजरचा वेळ दुप्पट केला की गळतीही दुप्पट साठते. लेन्सचं छिद्र मोठं करता येत असेल, एफ ४ ऐवजी एफ २.८, तर ते आधी करा आणि वेळ निम्म्यावर आणा. आयएसओ वाढवल्याने नवे हॉट पिक्सेल जन्माला येत नाहीत, आधीच साठलेली गळती फक्त जास्त ठळक दिसते. शहरात हा प्रश्न फारसा येत नाही. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा फोटो आयएसओ १०० वर १० सेकंदांत होतो, त्यात ठिपके शोधूनच काढावे लागतील.

आता मेनूतलं ते बटण. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर कॅमेरा तुमचा ३० सेकंदांचा फोटो घेतो आणि मग शटर बंद ठेवून पुन्हा ३० सेकंदांचा काळा फोटो घेतो. त्या काळ्या फोटोत फक्त ठिपके असतात. ते पहिल्या फोटोतून वजा केले जातात. फोटो संपल्यावर तेवढाच वेळ कॅमेरा अडकून का बसतो, याचं कारण हेच. नवख्या माणसाला वाटतं कॅमेरा हँग झाला आणि तो बॅटरी ओढतो. तसं करू नका, फोटो जाईल. हे वजा करणं रॉ फाइलवरही लागू होतं. शेजारचंच दुसरं नाव, हाय आयएसओ नॉइज रिडक्शन, हे वेगळं प्रकरण. ते साधारणपणे फक्त जेपेगवर चालतं आणि सरसकट रंग पुसट करतं. दोन्हींची गल्लत फार जण करतात.

चालू ठेवायचं की बंद? एकेकटा फोटो घ्यायचा असेल, आकाशगंगेचा किंवा चांदण्यातल्या किल्ल्याचा, आणि वेळ हाताशी असेल तर चालू ठेवा. तो काळा फोटो त्याच क्षणाच्या तापमानाचा असतो, त्यामुळे वजाबाकी चोख होते. पण फोटोंची मालिका घ्यायची असेल तर बंदच हवं. ताऱ्यांच्या रेषांमध्ये नाहीतर ३०-३० सेकंदांची खिंडारं पडतील. काजव्यांच्या बाबतीत तर अर्धी रात्र झाकलेल्या शटरमागे जाईल. विजा टिपतानाही बंद. वीज तुमच्या काळ्या फोटोसाठी थांबत नाही.

काही मिररलेस कॅमेऱ्यांबद्दल एक सावधगिरी सांगतो. काही सेकंदांहून लांब एक्स्पोजर केलं की ते आपणहून टोकदार ठिपके शोधून रॉमध्येच पुसून टाकतात आणि त्या नादात बारीक तारेही खातात. आकाशप्रेमींनी या खोडीला ‘स्टार ईटर’ नाव दिलं. तुमच्या फोटोत मोठे तारे आहेत आणि बारीक चांदणं नाही असं दिसलं तर एकच आकाश कमी आणि जास्त वेळाच्या एक्स्पोजरने घेऊन ताडून बघा, आणि तुमच्या मॉडेलसाठी नवं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं असेल तर ते घाला.

डार्क फ्रेम: स्वतः घेतलेला अंधार

मालिकेसाठी कॅमेऱ्याचं काम आपण हाताने करायचं. शेवटचा फोटो झाला की कॅमेरा ट्रायपॉडवरून न काढता लेन्सला झाकण लावा. खिडकी असेल तर तीही झाका. कुठल्याच सेटिंगला हात लावायचा नाही: तोच वेळ, तोच आयएसओ, तीच रॉ. आणि १० ते १५ फोटो घ्या. ३० सेकंदांचे १५ म्हणजे साडेसात मिनिटं. तेवढ्यात ट्रायपॉडशेजारी बसून पाणी प्या.

हे लगेच आणि तिथेच करायचं. गाडीत एसी लावून, घरी फॅनखाली किंवा दुसऱ्या दिवशी घेतलेल्या डार्क फ्रेमचं तापमान वेगळं पडतं. ठिपके त्याच जागी असतात, पण त्यांचा जोर जुळत नाही. वजाबाकी करताना मग काही ठिपके अर्धवट राहतात, तर काहींच्या जागी बारीक काळे खड्डे पडतात. लांब मालिका असेल तर मी मधोमध पाच आणि शेवटी दहा असे घेतो, कारण सुरुवातीपेक्षा सेन्सर तापलेला असतो.

एकच डार्क फ्रेम का पुरत नाही? एका फोटोत ठिपक्यांबरोबर त्या क्षणाचा आगापिछा नसलेला बारीक नॉइजही (दाणेदारपणा) असतो. एकच वजा केला तर तो नॉइज तुमच्या फोटोत शिरतो. दहा-पंधरांची सरासरी काढली की हा बेभरवशाचा भाग पुसट होतो आणि कायमचे ठिपके तेवढे उरतात.

घरी आल्यावर

बरेचसे ठिपके तुम्ही काही न करताच जातील. लाइटरूमसारखं सॉफ्टवेअर रॉ उघडतानाच ठळक हॉट पिक्सेल ओळखून झाकतं. म्हणूनच कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर भरपूर ठिपके आणि कॉम्प्युटरवर मोजकेच, असं कोडं पडतं. फुकटातली सॉफ्टवेअर वापरत असाल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन्हींत हॉट पिक्सेलसाठी वेगळा पर्याय आहे, तो हाताने चालू करावा लागतो. रॉथेरपीला डार्क फ्रेमही देता येते.

आकाशगंगेचे बरेच फोटो एकत्र करायचे असतील तर सिक्वेटर, डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल घ्या. तिन्ही फुकट आहेत. त्यांत डार्क फ्रेमसाठी वेगळी जागा असते (सिक्वेटरमध्ये तिला नॉइज इमेज म्हटलंय). फोटो एका यादीत, डार्क दुसऱ्या यादीत टाका, सरासरी आणि वजाबाकी तेच करतात. ताऱ्यांच्या रेषांसाठी स्टारस्टॅक्स हे छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यातही डार्क देता येतात.

एक फसवी गोष्ट इथे समजून घ्या. तारे एकावर एक जुळवताना सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो थोडा सरकवतं. तारे जुळतात, पण त्याच जागी बसलेले हॉट पिक्सेल आता प्रत्येक फोटोबरोबर सरकतात आणि त्यांच्या रंगीत ओळी तयार होतात, मुंग्यांची रांग चालल्यासारख्या. डार्क नीट वजा केले की त्या बऱ्याच कमी होतात. ताऱ्यांमागे फिरणारा ट्रॅकर वापरणारे लोक यासाठी दर काही फोटोंनंतर कॅमेऱ्याची दिशा कणभर बदलतात, त्याला डिदरिंग म्हणतात. ट्रॅकर घ्याल तेव्हा हे आठवा, आत्ता गरज नाही.

काजव्यांच्या फोटोंसाठी मी जे करतो ते सविस्तर सांगतो, कारण लाइटन पद्धतीने फोटो चढवताना हॉट पिक्सेल सगळ्यात जास्त छळतात. लाइटनचा नियम असा, की प्रत्येक जागी सगळ्या फोटोंतला सर्वांत उजळ पिक्सेल ठेवायचा. म्हणजे ४० फोटोंपैकी एकातही ठिपका उजळला तर तो शेवटच्या चित्रात येणारच. सरासरीत तो विरघळला असता, इथे विरघळत नाही. म्हणून ठिपके चढवण्याआधी काढायचे, नंतर नाही.

आधी सगळे रॉ, डार्कसह, एकाच सेटिंगने उघडतो. शार्पनिंग शून्य. व्हाइट बॅलन्स सगळ्यांना एकच. मग डार्कची सरासरी काढून एक फाइल बनवतो. ती फाइल फोटोशॉप किंवा गिंपमध्ये प्रत्येक फोटोच्या वरच्या लेयरवर ठेवून मोड सबट्रॅक्ट करतो. ४० वेळा हे हाताने करणं जीव खातं, म्हणून एकदा ॲक्शन (तीच कामं आपोआप पुन्हा करणारी नोंद) रेकॉर्ड करून ठेवली आहे. एक फोटो तपासतो, काळे खड्डे जास्त दिसले तर डार्कच्या लेयरची अपारदर्शकता थोडी कमी करतो. जमलं की सगळ्यांवर तेच चालवतो. त्यानंतरच ते लाइटनने एकावर एक.

उरलेले ठिपके हाताने. स्पॉट हीलिंग ब्रश ठिपक्याहून जेमतेम मोठा ठेवा, आणि प्रत्येक ठिपक्याआधी मूळ फोटोंत जाऊन वरच्या दोन खुणा बघा: जागा आणि कडा. डस्ट अँड स्क्रॅचेस नावाचा फिल्टर सगळ्या फोटोवर एकदम फिरवायचा मोह होईल. त्याने ठिपके जातात, पण बारीक तारे आणि लांबचे काजवेही जातात. वापरायचाच तर मास्क लावून फक्त काळ्या जमिनीवर वापरा.

नवा कॅमेरा घेतला असेल तर झाकण लावून करायची ती चाचणी पहिल्याच आठवड्यात करा आणि दोन्ही फाइली तारखेसह जपून ठेवा. १/६० च्या फोटोत, कमी आयएसओवरही ठळक ठिपके दिसत असतील आणि मॅपिंग करूनही जात नसतील, तर वॉरंटीत सर्व्हिस सेंटरला नेण्याजोगी ती गोष्ट आहे, आणि तिथे तुमच्या या दोन फाइलीच पुरावा म्हणून उपयोगी पडतात. फक्त ३० सेकंदांच्या फोटोत दिसणाऱ्या ठिपक्यांसाठी हेलपाटे घालू नका, ते सगळ्यांकडेच असतात.

काजव्यांना जाणार असाल तर गावकऱ्यांनी आणि वनखात्याने घालून दिलेले नियम पाळा, आणि टॉर्च पेटवू नका. काजवे उजेडाच्या खुणांनीच जोडीदार शोधतात. कॅमेऱ्याच्या बटणांपुरता उजेड लागला तर लाल कागद लावलेला मंद दिवा, तोही जमिनीकडे धरून.

माझ्या त्या सादड्याच्या फोटोत दुसऱ्या खेपेला वजाबाकीनंतर कातळावर अकरा ठिपके उरले होते. नऊ जण सगळ्या ४० फोटोंत एकाच जागी, टोकदार. ते पुसले. उरलेले दोन फक्त सतराव्या फोटोत होते, जवळजवळ, मऊ कडांचे, पिवळट. ते तसेच ठेवले आहेत.